दहानंतर

क्वार्टझसाइट, ॲरिझोना. एकोणतीस नंबरची जागा.
दहानंतर शांतता, असं फाटकावर लिहिलंय.
कुकरची तिसरी शिट्टी होऊ दिली नाही मी;
डाळ कचवट राहिली.

शेजारच्या व्हर्लिनचा जनरेटर
दहाला एक मिनिट असताना खोकून गप्प झाला.
मग वाळवंट इतकं जवळ आलं
की ह्यांनी कूस बदलली तरी
मी शूऽऽ म्हणाले.

पहाटे साडेचारला त्याने ट्रक काढला.
दिवे नाहीत. दार न लावता
आतून नुसतं ओढून धरलेलं.
आम्ही दोघं टक्क जागे,
पण त्याने इतकं जपलं, म्हणून
झोपल्यासारखे पडून राहिलो.

खडी संपली. डांबरी लागली.
मग फार लांबून
दार लागल्याचा आवाज,
एवढासा.