पत्ता

वाळपईच्या दवाखान्यात पंख्याखाली
रजिस्टरची पानं कोपराने दाबून धरते.
टाचेला सुई, जाड कागदावर पाच ठिपके,
मग चार तास वाळवायचे.
'इथल्या हवेत पापड वाळत नाहीत, बाई,'
गावस सिस्टर म्हणते. तरी वाळवते.

व्याप्ती : चौऱ्याण्णव टक्के.
पणजीत आवडेल हा आकडा.

ओळ दोनशे अकरा. मुलगी, दोन किलो सहाशे.
थायरॉईड, पुन्हा तपासा.
शेरा : संपर्क झाला नाही.

झाला होता. पत्र पोचलं होतं माहेरी.
तोवर बाळंतीण बाळ घेऊन नेत्रावळीला सासरी गेलेली.
मामाने पाकीट विजेच्या बिलांसोबत
तारेत खोचलं, न उघडता.
सरकारी कागद, हरवू नये म्हणून.

जीपने दोन तास.
अडीच वर्षांची आहे, अजून धरून बसवावी लागते.
'लई शांत बाळ,' आई कौतुकाने सांगते,
'जन्मल्यापासून रडून कधी त्रास दिला नाही.'

मी मान डोलावते.
तिला काय सांगायचं ते फॉर्ममध्ये नसतं.

गोळी आजपासून. दुधात कुस्करून, रोज, उपाशीपोटी.

परतताना जीपच्या धक्क्यांत वेडंवाकडं लिहिते,
शिफारस एक :
माहेरच्या पत्त्याखाली अजून एक ओळ ठेवा,
बाळ इथून कुठे जाणार?