साक्षीदार हजर

जज लेम्युएल थ्रॉप व्हरमाँटहून आले तेव्हा
सात पेट्या होत्या पुस्तकांच्या.
ग्रे विलो नदीत तराफ्याचा दोर सुटला,
चार पेट्या वाहून गेल्या.
करारांचा कायदा गेला, वारसाहक्काचा गेला.
"फाशीचा तेवढा राहिला," ते म्हणाले, "तो जड असतो."
मी हसलो नाही.
मी त्यांचा कारकून, एकोणीस वर्षांचा,
आणि दोर माझ्या हातात होता.

टेरिटरी म्हणजे राज्य नव्हे,
राज्य होण्याची उमेदवारी.
कोर्ट भरायचं हॅनराहनच्या गुत्त्यात,
बाटल्यांवर घोंगडी टाकून.
बिलियर्डच्या टेबलावर आरोपपत्रं,
ज्यूरीचे बारा, म्हणजे नऊच,
उरलेले तीन आरोपीचे मेहुणे निघायचे.
थंडीत शाई गोठायची.
मी दौत काखेत धरून बसायचो
निकाल पातळ होईपर्यंत.

पगार वॉशिंग्टनहून निघायचा,
पोचायचा कुठे, देव जाणे.
वर्षातून तीनदा चारशे मैलांची फेरी,
एका डोळ्याने अधू खेचरावर.
दर रविवारी बायकोला पत्र.
तिचा दर वेळी एकच प्रश्न :
तिथे सावली आहे का?
त्याचं उत्तर ते पुढच्या रविवारवर ढकलायचे.

मग एकाहत्तरच्या मार्चात तो खटला.
मोक फातच्या धाकट्या भावाला
तिघांनी भरदिवसा मारलं, वाळूच्या चाळणीसाठी.
पाहणारा एकटा मोक फात.
आणि आमच्या कायद्यात कलम होतं :
गोऱ्याविरुद्ध चिन्याची साक्ष चालणार नाही.
जजनी ते दोनदा वाचलं,
दुसऱ्यांदा फार हळू,
जणू मधला एखादा शब्द दया येऊन निसटेल.
निसटला नाही.
मला म्हणाले, "लिही, साक्षीदार हजर होता."
तिघे सुटले. गुत्त्यात सगळ्यांना पाजली त्यांनी,
घोंगडी काढायचीही वाट न पाहता.

त्या रात्री आम्ही नदीवर गेलो.
कंदील मी धरला.
मोक फात बोलत राहिला, अर्धं आमच्या भाषेत,
अर्धं त्याच्या. भावाच्या पायात
एकच बूट होता, हे तीनदा सांगितलं.
अकरा पानं झाली.
खाली मोहोर नाही, क्रमांक नाही.
कायद्याने ती पानं कोरीच.

पुढच्या वर्षी वॉशिंग्टनात वारं फिरलं
आणि जजना नारळ मिळाला, एका ओळीच्या पत्राने.
तीन पेट्या चढवताना मी सांगून टाकलं,
दोर तुटला नव्हता,
पेंगत होतो, हातातून सुटला.
"माहीत होतं," ते म्हणाले.
"तुझी साक्ष कोणी मागितली?"

आता इथे राज्य आहे, विटांचं कोर्ट आहे,
भिंतीवर त्यांची तसबीर, नावात एक अक्षर चुकलेलं.
अकरा पानं माझ्याकडे, पिठाच्या डब्यात.
मोक फात कुठे गेला, ठाऊक नाही.
थंडी पडली की अजून
काखेत काहीतरी गार लागतं.