दांडी नसलेली सायकल

ऑक्टोबरात ला पालोमा अजून रिकामंच असतं.
पाहुण्यांची घरं खिडक्या मिटून बसलेली,
दीपस्तंभ आपला एकटाच जागा,
आणि वॉशिंग्टन ओलिवेराच्या पत्र्याच्या शेडमध्ये
छताला उलट्या टांगलेल्या
चौदा सायकली, वाऱ्याने किरकिरणाऱ्या.

आमच्याकडे सायकलीला शेळी म्हणतात.
का, ते कुणी सांगत नाही.
"एक शेळी हवीय," मी म्हटलं, "समुद्रापर्यंत नेणारी.
आणि परत आणणारी."

त्याचा भाचा मायकोल पुढे झाला,
केसांना जेल, नखांत वंगण.
एकवीस गिअरची काढली. पुढे स्प्रिंगा, मागे स्प्रिंगा,
हँडलवर घड्याळासारखं काहीतरी.
"डोंगरसुद्धा चढेल, दोन्या नेलिदा."
"कुठला डोंगर?"
बिचारा दाराबाहेर बघायला लागला.
या गावातला सगळ्यात मोठा चढ
म्हणजे औषधाच्या दुकानासमोरचा गतिरोधक.

वॉशिंग्टन तोवर गप्प होता,
येर्बाचा कडू चहा नळीने ओढत.
मग म्हणाला, भाच्याला की मला, कळलं नाही,
"समुद्र सगळं चाखून बघतो.
जितके सुटे भाग, तितकी त्याची पंगत.
तारा खातो, स्प्रिंगा खातो,
गिअर तर लोणच्याच्या फोडीसारखे चोखतो.
त्याच्या पानात कमी वाढावं."

मागच्या रांगेतून त्याने एक उतरवली.
गिअर नाही. ब्रेकची तार नाही,
थांबायचं तर पायडल उलटं दाबायचं.
टायर जाडजूड, वाळूत रुतू नयेत असे.
(हवा जरा कमीच ठेवा, म्हणाला,
गच्च भरलेलं चाक वाळूशी भांडतं.)
रंग होडीचा, उरलेला, हिरवा,
आणि त्यात ब्रशाचा एक केस कायमचा चिकटलेला.
"बसून बघा. पाय टेकतात?"
टेकले. दोन्ही.

तेव्हा लक्षात आलं, हिला दांडी नाही.
सीटपुढे नुसता खोलगट झोळ,
पाय उचलायचीही गरज नाही.

एकतीस वर्षं मी दांडीवर बसून समुद्रावर गेले.
एउस्ताकियो मागून पायडल मारायचा,
त्याची हनुवटी माझ्या डोक्यावर.
वळायचं कुठे ते त्याने ठरवायचं,
खड्डे मात्र आधी मला कळायचे.
उतरल्यावर मांडीवर आडवा वळ,
तो मिटायच्या आत परतायची वेळ.
तो गेल्यावर ती सायकल मुलाने मोन्तेविदेओला नेली.
दिवाणखान्याच्या भिंतीवर लावलीय म्हणे,
बाजूला कुंडी.

"दांडीची हवी असेल तर आहे एक,"
वॉशिंग्टन हळूच म्हणाला. त्याला सगळं ठाऊक.
"नको," मी म्हटलं,
इतकं झटकन, की माझं मलाच वाईट वाटलं.

पैसे तीन हप्त्यांत. वेताची टोपली फुकट;
थर्मास उभा राहतो का,
ते त्याने स्वतःचा ठेवून पाहिलं.
मायकोलने घंटी आणली.
"कुणाला वाजवू? रस्त्यात कुत्री तेवढी."
तरी घेतली.

मग कितीतरी वर्षांनी
माझ्या पुढ्यात हँडल.
पहिली दोनशे पावलं शेळी खरंच शेळीसारखी,
दिसेल त्या कुंपणाकडे तोंड घालणारी.
औषधाच्या दुकानासमोरचा डोंगर आम्ही सर केला.
फळ्यांच्या वाटेवर खडखड,
पुढे उतार, पुढे वाळू,
आणि मी बोटं आवळतेय हवेतच,
जिथे ब्रेक असायला हवा होता.
उलटं दाबायचं, हे आठवेपर्यंत
वाळूनेच थांबवलं.

पडले नाही. हे वॉशिंग्टनला सांगायला हवं.
उभी राहिले, श्वास घेत,
चप्पल एका पायात.
एक लाट वर आली,
पुढच्या टायरला जीभ लावून मागे सरली.
"चाख," मी म्हटलं,
"पण एवढ्यानं तुझं पोट भरायचं नाही."