डावीकडचं राज्य

झेन्सव्हिलमध्ये पत्ता विचारला तर सांगतात,
पुलाच्या मधोमध जा आणि डावीकडे वळा.
मला आधी चेष्टाच वाटली.
पण पूल खरंच तीन तोंडांचा आहे,
ऐन नदीवर त्याला फाटा फुटतो.

अशा गावात मर्ल ड्रेशरने
तळघरातल्या पिंगपाँगच्या टेबलावर
एक राज्य काढायला घेतलं, तर नवल कसलं.
एकतीस वर्षं खेड्यापाड्यांतून टपाल टाकलं त्याने,
जीपचं स्टिअरिंग उजवीकडे,
खिडकीतून हात काढला की पेटी.
सगळा ओहायो एका बाजूला बसलेला
आणि हा एकटा दुसऱ्या.
निवृत्त झाल्यावर त्याने त्या जीपसाठी जागा केली:
राज्याचं नाव ऑर्डेन,
वस्ती बेचाळीस लाख,
महामार्ग नऊ,
वाहतूक डावीकडून.

तपासायला मला बोलावलं.
आमच्या गल्लीत डावीकडून शिकलेली मी एकटीच,
मिरजेच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये,
दोन ब्रेकच्या मारुतीत.
अजूनही इथे वळायचं म्हटलं
की कोरड्या काचेवर माझा वायपर फिरतो.

एम-चारवरून बाहेर पडायचा रॅम्प
त्याने सवयीने उजवीकडे काढला होता,
थेट समोरून येणाऱ्यांच्या अंगावर.
मी खोडरबर मागितलं.
चौकातला गोल मात्र बरोबर फिरत होता,
आपण गाभाऱ्याभोवती फिरतो तसा.
हे कुणी शिकवलं?
घड्याळाने, म्हणाला.

मी त्याला सांगितलं, आमच्या भाषेत
माणसाला बाजूला सारणं म्हणजे डावलणं,
आणि जे सरस ते उजवं.
त्याने दोन्ही शब्द वहीत उतरवले,
स्पेलिंग तीनदा विचारून.
मग म्हणाला, ऑर्डेनमध्ये
न डावलणाऱ्याला दंड होतो.

एम-सात सव्वा मैल नाहीच.
फाटा चौदापर्यंत सहा पदरी, सुतासारखा,
मग पिवळा पत्रा,
मग नुसता कागद,
आणि फाटा पंधरापासून पुन्हा सहा पदरी,
जणू मध्ये काही झालंच नाही.
पेन्सिल संपली का?
नाही. टॅन्सी ओखर्ट जमीन देत नाही.
सफरचंदाची बाग आहे तिची.
एकोणीस वर्षं कोर्टात चाललंय.
तुझंच राज्य, म्हटलं, उठव की तिला.
त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला.
कागद माझा आहे, म्हणाला. बाग तिची.

मी काउंटीच्या बांधकाम खात्यात असते.
भूसंपादनाच्या नोटिसा माझ्या टेबलावरून जातात.
मार्चमध्ये चार घरं गेली
आणि एक टायरचं दुकान.
दुकानदाराचं आडनाव मला आठवत नाही,
प्लॉट नंबर आठवतो.
हे मी मर्लला सांगितलं नाही.
पट्टी सरळ करून ठेवली.

दोन आठवड्यांनी त्याने वळणरस्ता दाखवला:
एम-सातची सगळी वाहतूक,
दूधवाले, लग्नाची बस, सिमेंटचे ट्रक,
बागेला वळसा घालून, वेग पंचवीस.
कुंपणाशी लाल ठिपका. टॅन्सीबाईंची टपालपेटी,
रस्त्याच्या डाव्या कडेला.

मी ठिपक्यावर बोट ठेवलं.
मर्ल, इथे सगळ्यांचं स्टिअरिंग उजवीकडे.
तुझी जीप यांच्यात मिसळून जाईल,
पण त्या पेटीपर्यंत हात कसा पोचणार?
तुझ्या राज्यातल्या पोस्टमनला डावीकडे बसावं लागेल,
एकट्याला.

वर त्याच्या सुनेने डिशवॉशर लावला होता,
पाइपातून पाणी उतरत होतं.
माहीत आहे, मर्ल म्हणाला,
आणि पेन्सिलीला टोक काढत राहिला.