शुक्रवारपर्यंत कळवायचंय

इशबेलनं टेबलावर चार कागद मांडलेत,
पत्त्यांचा डाव मांडावा तसे.
एडिनबरा, ग्लासगो, डंडी, अ‍ॅबर्डीन.
कायद्याची पदवी झाली, आता हे एक वर्ष
हाताला वळण लावायचं:
अर्ज कसा लिहायचा,
अशील समोर बसला की आधी काय विचारायचं,
त्याचे पैसे कुठल्या खात्यात ठेवायचे.
चौघांनीही तिला हो म्हटलंय.
आता नाही म्हणायचं तिच्यावर आलंय, तीन वेळा.

"आई, तू सांग."

मी काय सांगणार?
विकच्या कोर्टात पहाटे पाचला मी फरशी पुसते,
एकोणीस वर्षं झाली.
कायदा मला कचऱ्याच्या टोपलीपुरता कळतो.
पण टोपलीही बोलते.
कोण पेन्सिल बोटभर उरेपर्यंत वापरतं,
कोण अशिलाचं पाकीट न फोडताच फाडतं,
कुणाच्या खुर्चीखाली कुरतडलेली नखं सापडतात
निकालाच्या दुसऱ्या दिवशी.
कोण कुठे शिकलं, ते मात्र त्यात नसतं.

एडिनबराला दोघी जाऊन आलो.
इन्व्हर्नेसपर्यंतच आगगाडीचे चार तास आणि वर थोडे,
वाटेत दलदल, हरणं, पुन्हा दलदल.
तिथल्या बाईंनी काचेची इमारत दाखवली,
मोठमोठ्या कंपन्यांची नावं घेतली.
मी आपली काच बघत होते,
एवढी पुसायला माणसं किती लागत असतील.
ग्लासगोत एका खोलीत खोटं कोर्ट होतं,
लाकूडसुद्धा खोटं,
पण इशबेल तिथे उभी राहिली
आणि खुर्चीत बसल्या बसल्या माझी पाठ ताठ झाली.
डंडीत खोलीभाडं कमी.
अ‍ॅबर्डीन जवळ. म्हणजे आमच्या भाषेत जवळ,
सकाळी निघालं तर संध्याकाळच्या आत.

कर्जातून फी भागेल, पोट भागणार नाही.
तिच्या बापाचं समुद्रातल्या तेलाच्या फलाटावरचं काम होतं
तोवर आकडे असे
पाकिटाच्या पाठीवर दोनदा मांडावे लागत नसत.

बुधवारी मी मुद्दाम रेंगाळले.
सिंक्लेर वकील कधी कधी सातच्या आधीच येतात.
आरोपीशेजारी त्याच्याच बाकावर बसणारा तो एकटाच,
"आज घरी जाता यायचं नाही, बाळा,"
हे आमच्या गावच्या बोलीत सांगणारा.
विचारलं, "तुम्ही हे शिकलात कुठे?"
एकोणीस वर्षांत 'पाय उचला'खेरीज
मी त्यांना म्हटलेलं हे पहिलंच वाक्य.

त्यांनी जरा वेळ छताकडे पाहिलं.
"डंडी. तिथे मावशी होती, जेवण फुकट.
शनिवारी शेजारपाजारचे यायचे तिच्याकडे
घरमालकाच्या नोटिसा घेऊन.
मी वाचून दाखवायचो, मावशी चहा करायची.
वर्गातलं म्हणाल तर
एक गळकं छत आठवतं, त्याखालची बादली."

घरी येऊन मी शब्द न् शब्द सांगितला.
इशबेल हसली. "म्हणजे आता मावशी शोधायची?"
"ग्लासगोत बाबांची चुलत बहीण आहे."
"ती बोलते कुठे आपल्याशी?"
तेही खरंच.
मग हसणं थांबलं, तिनं दिवा जवळ ओढला,
मी झोपायला गेले. झोप कसली.
भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज
किती वेळा आला ते मोजत पडले.

शुक्रवारी साडेचारला उठले तर
टेबलावर एकही कागद नाही.
ती कोपरावर डोकं ठेवून तिथेच झोपलेली,
ओट्याखालच्या टोपलीत तीन बोळे.

तीन बोळे उलगडायला कितीसा वेळ लागतो?
दुसऱ्यांच्या टोपल्यांत इतकी वर्षं वाचलं मी.
तिच्या खांद्यावर कोट टाकला,
टोपली तशीच ठेवून बाहेर पडले.
तिचं ती सांगेल, तोंडानं.

बंदरावर वारा असा की दार दोन्ही हातांनी ओढावं लागलं.
साक्षीदाराचा पिंजरा
त्या दिवशी मी दोनदा पुसला.