मुद्देमाल

कासारखाडी ठाण्याच्या मागच्या खोलीची किल्ली
एकोणीस वर्षं माझ्या कमरेला आहे.
आत दोन वल्ही, त्यातलं एक मधोमध करवतलेलं,
काजूबियांचं अर्धं पोतं
(बाकीचं उंदरांनी नेलं, त्यांच्यावर गुन्हा नाही),
गावठीचे कॅन, रिकामे, वास मात्र भरलेला,
आणि एक कोयता,
जो पार्वती निवातेनं मुकादमावर नुसता उगारला होता.
प्रत्येकाला लेबल, सुतळी, लाखेचा ठिपका.
मेणबत्तीवर लाख धरता धरता मला उमगलं,
ज्याला सुतळी बांधता येते
त्यालाच आम्ही गुन्हा म्हणतो.

मंगळवारी आला पितळी व्हॉल्व्ह.
वजन साडेसात किलो.
किंमत, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे नऊ हजार,
भंगारवाल्या रज्जबच्या म्हणण्याप्रमाणे अडीच.
आरोपी काशीराम जांभारकर, वय एकावन्न,
धंदा:
इथे माझं पेन अडलं.
खाडीत मासा उरला नाही हे ठाण्यातल्या मांजरालाही ठाऊक,
पण रकाना मोकळा सोडता येत नाही.
लिहिलं, मासेमारी.

त्याला विचारलं, का रे?
तो म्हणाला,
"आदी माजाच इकलंव, सायेब.
जाळी इकली, मशीन इकली, होडीच्या फळ्या इकल्या.
माजा सरला.
मंग त्येंचा घेतला."
हा जबाब मी शुद्ध मराठीत उतरवला.
शुद्ध मराठीत तो फक्त
गुन्हा कबूल असल्याबाबत झाला.

व्हॉल्व्ह कंपनीच्या त्या पाइपाचा,
जो रात्री दोनच्या पुढे, सुकतीच्या अंधारात,
खाडीत तोंड उघडतो.
सकाळी बाया कालवं फोडतात, आत काळं पाणी.
त्याचेही कागद आहेत, नाही असं नाही.
मंडळात माझ्या उशीएवढी फाइल आहे:
नमुना, अहवाल, नोटीस, खुलासा, मुदतवाढ, मुदतवाढ.
काशीरामच्या कागदांत तो शब्द मी शोधला.
त्याच्याकडे कलम तीनशे तीन, पोटकलम दोन,
आणि रविवारपर्यंत कोठडी.

खाडी जप्त करायची म्हटली
तर कुठून कुठवर सुतळी लावणार?
पंच कोण होणार?
आणि ठेवायची कुठे? ह्या खोलीत?
खोलीचं कुलूपच कंपनीच्या सौजन्याने आलंय,
कूलरसोबत, आठ खुर्च्यांसोबत,
'आपली सुरक्षा' लिहिलेल्या पाटीसोबत.
माझा थोरला तिथेच गेटवर असतो, ठेकेदाराकडून,
बारा तास, गणवेशाचे पैसे पगारातून कापून.
काशीरामला पकडणारा तो नव्हता,
त्याच पाळीतला दुसरा होता.
हे मी दोनदा विचारून घेतलं.

शुक्रवारी व्हॉल्व्ह कंपनीला परत द्यायचा हुकूम झाला.
काशीरामला परत देण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं.
सुतळी सोडली, तेव्हा आत बोट घातलं.
पिवळट थर, खरबरीत,
नखात गेला तर चुरचुरतो.
पंचनाम्यात ह्या थराचा उल्लेख नाही,
आकार, धातू, वजन, दातऱ्या, सगळं आहे.
साहेब म्हणाले, जरा स्वच्छ करून द्या, बरं दिसतं.

मागच्या नळाखाली काथ्यानं घासला.
थर सुटला, आधी फेस आला, मग पाणी नुसतंच पिवळं.
व्हॉल्व्ह असा लखलखला
की माझा चेहरा त्यात वाकडा दिसला.

पाणी गटारात गेलं.
गटार कुठे जातं ते मला माहीत आहे.
मी नळ बंद केला
आणि नोंदवहीत सही केली.