दहाचा वेग

अपग्रेड रात्री झालं. मी झोपलो होतो.
सकाळी स्टुडिओ उघडला तर पडद्यावर नवी टेकडी,
कोपरे घासून गोल केलेल्या खिडक्या
आणि मी कधी विचारलं नव्हतं ते हवामान:
खानापूर, चोवीस अंश, ढगाळ.

गोकाकहून बसू हुक्केरीनं पाठवलेलं लग्न
चौदा जीबी.
नंदगडची मुलगी, चंदगडचा मुलगा,
अल्बम शुक्रवारी द्यायचा.
परवापर्यंत असलं लग्न दोन चहांत उतरायचं.
आज खाली लिहून आलं, उरलेला वेळ तीन तास.
मग पाच. मग अकरा.
मग पुन्हा तीन, जणू मधे काही बोललंच नाही.

मुलीचे काका भरमाण्णा पाखरे
स्टुलावर बसून तेच बघत होते.
"काय ओ, लग्न दोन दिवसांत उरकलं की,
फोटो यायला एवढं काय?"

मोबाईल धरला त्याच वायफायवर.
काटा एका दमात उजवीकडे गेला.
म्हणजे रस्ता ठीक आहे,
चालणाऱ्याचाच पाय मुरगळलाय.

तरी ईरण्णाला फोन केला. तो केबलवाला,
त्याच्याकडे प्रत्येक दुखण्याला एकच औषध:
"मोडेम ऑफ माड्री सर,
हत्त निमिष बिट्टु ऑन माड्री."
दहा मिनिटं मी पायरीवर उभा राहिलो.
कौलांनी भरलेला ट्रक स्टेशनकडे वळला,
त्याच्या मागं भुशाचा धुरळा.
दिवे लागले. हिरवा, हिरवा, आणि एक पिवळा.
पिवळा आधी नव्हता.

मागच्या मागं चाललेले अपडेट थांबवले,
अँटीव्हायरस झोपवला,
वायर काढून उलटी लावली
(उलटी लावून काही होत नाही, हे मलाही माहीत आहे).
अकरा तास.

शेवटी पाचव्या खिडकीच्या पोटात,
बारीक करड्या अक्षरांत सापडलं:
लिंकचा वेग दहा.
हजार नाही, शंभर नाही.
दहा, हाफ डुप्लेक्स.

वायरीची दोन टोकं आधी एकमेकांना विचारतात,
तुला किती वेगानं बोलता येतं?
याला वाटाघाट म्हणतात, खरंच हाच शब्द आहे.
नव्या व्यवस्थेला जुनं कार्ड नीट ओळखता आलं नाही,
एकाचं उत्तर दुसऱ्याला कळलं नाही,
मग दोघं उतरत उतरत गेले
सगळ्यात खालच्या पायरीवर,
जिथं एकानं बोलायचं
आणि तोवर दुसऱ्यानं गप्प बसायचं.

बँकेत माझं कन्नड पहिली दोन वर्षं असंच होतं.
आकडे, नमस्कार, सही कुठं.
कॅशियर बाई वाट बघायच्या माझं वाक्य संपायची
आणि मी त्यांचं.
भांडण कधीच झालं नाही. कामही फारसं नाही.

ड्रॉवरमध्ये कुंद्याचा रिकामा डबा, त्यात सीड्या.
सीडी घालायला आता मशीनला तोंडच नाही,
पण पाकिटावर निळ्या मार्करनं कार्डाचा नंबर होता,
दत्तोबाच्या अक्षरात. सात उलटा काढायची त्याला खोड.
भागीदारी मोडून सहा वर्षं झाली.
तो नंबर मोबाईलमध्ये टाकला,
सहा एमबीचा ड्रायव्हर मोबाईलवर उतरवला,
चार्जरच्या वायरीतून मशीनला पाजला.

पडदा एकदा काळा झाला.
भरमाण्णा उठून उभे राहिले.

मग फोटो यायला लागले, धडाधड, क्रम सोडून.
आधी चपलांचा ढीग. मग कुणाचा तरी हात, पळीसकट.
नवरी, शिंक येण्याच्या अलीकडच्या क्षणी.
"हे घ्यायचं नाही हं," काका म्हणाले,
आणि पुढं वाकून बराच वेळ तेच बघत राहिले.

फोन वाजला. ईरण्णा.
"सर, आयतेनु?"
"आयतु," मी म्हणालो, "पूर्ण आयतु,"
आणि पुढं, न थांबता,
कार्डाचं, ड्रायव्हरचं, त्या उलट्या साताचं
सगळं त्याला सांगत सुटलो,
कुठल्या भाषेत ते आता आठवत नाही.
मधेमधे तोही बोलत होता.